क्नॉफबाईंची दक्षिण अमेरिका-यात्रा : ग्रंथसंपादकांच्या परदेशभेटींविषयी एक टिपण

ग्रंथव्यवहाराच्या इतिहासात लेखक व मुद्रक यांना त्यांचे स्थान मिळालेले आहे. ग्रंथांची निवड करणारा संपादक मात्र बहुधा पडद्याआडच राहिला आहे. एका भाषेतील कोणता ग्रंथ दुसऱ्या भाषेत जावयाचा हे जो ठरवितो, त्याला ती पहिली भाषा येते की नाही, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. तो तसा नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि दक्षिण अमेरिका यांच्यामध्ये ग्रंथसंपादकांची जी ये-जा झाली, तिच्या आधारे या प्रश्नाचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

न्यूयॉर्क येथील आल्फ्रेड क्नॉफ यांची प्रकाशनसंस्था १९१५ साली निघाली. (या नावातील आरंभीचा 'क' उच्चारावयाचा असतो, इंग्रजीच्या सवयीने तो गिळून टाकू नये.) त्यांच्या पत्नी ब्लांश क्नॉफ या आरंभापासूनच संस्थेच्या कामात होत्या. यूरोपीय ग्रंथ अमेरिकेत आणण्याचे मुख्य श्रेय त्यांचेच होय. त्यांना फ्रेंच उत्तम येत असे व त्या वारंवार यूरोपास जात. १९३९ साली युद्ध सुरू झाले, पुढल्याच वर्षी पॅरिस पडले आणि ही वाट बंद झाली. इकडे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९३३ पासून अंगीकारलेल्या 'चांगल्या शेजाऱ्या'च्या धोरणाला युद्धामुळे निकड प्राप्त झाली होती. नेल्सन रॉकफेलर यांच्या हाताखाली १९४० साली स्थापन झालेली सरकारी कचेरी लॅटिन अमेरिकेशी सांस्कृतिक संबंध वाढवू लागली व भाषांतरांना द्रव्यसाहाय्यही देऊ लागली. फरार अँड राइनहार्ट या दुसऱ्या एका प्रकाशनसंस्थेने लॅटिन अमेरिकन कादंबऱ्यांची स्पर्धा घेतली. १९४१ साली पेरूचे सिरो आलेग्रिआ यांनी ती जिंकली. अशा वातावरणात, परराष्ट्र खात्याच्या प्रोत्साहनाने, क्नॉफबाई १९४२ साली दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाल्या.

या दौऱ्याचे फळ लहान नव्हते. कोलंबियाचे हेर्मान आर्सिनिएगास यांनी संपादिलेला निवडक लेखनाचा संग्रह व आर्जेन्टिनाचे एदुआर्दो मालेआ यांची एक कादंबरी १९४४ साली क्नॉफतर्फे इंग्रजीत आली. ब्राझीलचे जॉर्जे आमादो १९४५ साली आणि समाजशास्त्रज्ञ जिल्बेर्तो फ्रेयरे १९४६ साली आले. केवळ यादी पाहिली तर कोणत्याही संपादकाने समाधान मानावे अशीच ती आहे.

परंतु बाईंना स्पॅनिश येत नव्हती व पोर्तुगीजही येत नव्हती. फ्रेंचच्या बळावर बॅठकींतून संभाषण होऊ शकते, कादंबरी वाचता येत नाही. अशा पाहुण्याने पाहावयाचे काय? तो ग्रंथ पाहू शकत नाही. ग्रंथांविषयी बोलणारी माणसे तेवढी पाहू शकतो. आणि राजधानीच्या शहरांत परदेशी पाहुण्याला प्रथम भेटतात ती प्रतिष्ठित माणसे. मालेआ हे केवळ कादंबरीकार नव्हते; ब्वेनोस आइरेसच्या 'ला नासिओन' या मातबर वृत्तपत्राची वाङ्मयीन पुरवणी ते संपादीत असत. त्यांची योग्यता कमी होती असे मला म्हणावयाचे नाही. पण त्याच शहरात १९४१ साली होर्हे लुईस बोर्हेस यांचा एक छोटा कथासंग्रह निघालेला होता, आणि पाहुण्याच्या वहीत नोंद झाली ती मालेआंची. पुढे बोर्हेस यांचे लेखन क्नॉफकडे आले तेव्हा संस्थेच्या परीक्षकाने ते भाषांतर होण्याजोगे नाही असा अभिप्राय दिला. १९६१ साली अनेक देशांच्या प्रकाशकांनी मिळून दिलेला फॉर्मेन्तोर पुरस्कार बोर्हेस यांना बेकेट यांच्यासह विभागून मिळाला, आणि १९६२ साली त्यांच्या कथांची दोन पुस्तके न्यूयॉर्कमध्ये एकदमच इंग्रजीत आली. दोन्ही दुसऱ्या प्रकाशकांची!

आता उलट दिशेचा प्रवास पाहावा. १९४१ साली, म्हणजे बाईंच्या आधी एक वर्ष, त्याच परराष्ट्र खात्याच्या निमंत्रणावरून एरिको व्हेरीसिमो हे ब्राझीलचे कादंबरीकार अमेरिकेस गेले. ते पोर्तु आलेग्रे येथील ग्लोबो प्रकाशनाचे वाङ्मयीन सल्लागार होते. अर्थात त्यांची भेट ही एका संपादकाचीही भेट होती. निघण्यापूर्वीच ते इंग्रजीचे जाणते वाचक होते व ऑल्डस हक्स्ली यांची एक मोठी कादंबरी त्यांनी स्वतः पोर्तुगीजमध्ये आणली होती. परतल्यावर त्यांनी लिहिलेल्या प्रवासवर्णनाच्या नावाचा अर्थ 'बर्फाच्या मैदानातील काळे मांजर' असा आहे. परक्या मुलखात आपण किती उठून दिसतो याची ही मिश्किल जाणीव मला फार अर्थपूर्ण वाटते. १९४३ ते १९४५ या काळात ते पुन्हा अमेरिकेत होते आणि बर्क्ली येथे ब्राझीलचे वाङ्मय शिकवीत होते. सारांश, एका बाजूचा संपादक वाचून आला. दुसऱ्या बाजूचा काय वाचावे हे विचारीत गेला. 'देवघेव' हा शब्द या दोन्ही भेटींना सारखाच लावला जातो. भाषांचे बळ विषम असले की देवघेवीचे स्वरूप असे होते. दुर्बळ बाजूला दोन भाषा शिकाव्या लागतात, प्रबळ बाजूचे एकीवर भागते.

मग क्नॉफसाठी वाचीत कोण होते? यातील प्रमुख नाव हॅरिएट दे ओनीस यांचे. कोलंबिया विद्यापीठातील स्पॅनिशचे प्राध्यापक फेदेरिको दे ओनीस यांच्या त्या पत्नी. क्नॉफबाईंच्या दौऱ्याच्या बारा वर्षे आधी, १९३० साली, मेक्सिकोचे मार्तीन लुईस गुझमान यांचे पुस्तक त्यांनी क्नॉफसाठी भाषांतरित केले होते; तेव्हा 'शेजारधर्म' कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. फेर्नांदो ऑर्तिझ (१९४७) व आलेहो कार्पेन्तिएर (१९५६, १९५७) हे क्युबाचे लेखक त्यांच्याच हातून इंग्रजीत आले. आलेल्या ग्रंथांवर परीक्षण-अहवाल लिहिण्याचे कामही त्या करीत. दौऱ्याने करार जमविले, पण दीर्घकाळ यादी घडविली ती घरी बसून वाचणाऱ्या या बाईंनी, असे माझे मत आहे.

वाचकाची रुची ही शेवटी एका व्यक्तीची रुची असते, हेही येथे विसरता येत नाही. ग्रंथनामांकडे पाहिले तरी इंग्रजीकरणाची दिशा कळते. फ्रेयरे यांच्या ग्रंथाचे मूळ नाव 'कासा-ग्रांदे इ सेन्झाला', म्हणजे मालकाचा वाडा आणि गुलामांची वस्ती. गोव्यातील वाचकास यातील 'कासा' ओळखीचा वाटेल. 'सेन्झाला' हा मात्र अंगोलातील किम्बुन्दु भाषेतून ब्राझीलला गेलेला शब्द आहे, आणि त्याच्या प्रवासातच गुलामांच्या व्यापाराचा इतिहास साठलेला आहे. इंग्रजी नावात वास्तू गेल्या, 'मालक' आणि 'गुलाम' तेवढे उरले. आमादो यांची 'अंत नसलेली भूमी' इंग्रजीत 'हिंसक भूमी' झाली.

याहून मोठी पडझड जुआंव गिमारांइस रोझा यांच्या कादंबरीची झाली. मूळ ग्रंथ १९५६ चा. 'सेर्तांव' हा ब्राझीलच्या अंतर्भागातील रुक्ष प्रदेश, 'वेरेदा' या तेथील पाणथळ वाटा. तेथील बोली, जुने शब्द व स्वतः घडविलेले शब्द यांतून रोझा यांनी आपली भाषा उभी केली. भाषांतर दे ओनीस यांनी सुरू केले, जेम्स टेलर यांनी पुरे केले, आणि ते १९६३ साली प्रसिद्ध झाले. कथानक शाबूत राहिले. वाक्यरचना मात्र सरळ व गुळगुळीत झाली. भाषा हेच ज्या ग्रंथाचे द्रव्य आहे, त्याची कथा तेवढी पोचली. याच संस्थेने १९६२ साली काढलेली आमादो यांची 'गाब्रिएला' मात्र अमेरिकेत भरपूर खपली. ओघवत्या कथेला सीमा ओलांडणे सोपे जाते, हे यावरून दिसते.

मराठीपुरते पाहिले तर आपल्याकडे कोणी क्नॉफबाई आल्या नाहीत. लंडनच्या प्राच्य व आफ्रिकी विद्या संस्थेत मराठी शिकविणारे इयन रेसाइड यांनी मराठी कथांची निवड करून त्यांचे इंग्रजी भाषांतर केले. ते १९६६ साली निघाले, आणि काढले ते मुंबईच्या एशिया पब्लिशिंग हाउसने. तेथे वाचक, निवडकर्ता आणि भाषांतरकार एकच होता. फ्रँकफुर्टच्या ग्रंथमेळ्यात १९८६ व २००६ अशी दोनदा भारताला प्रमुख स्थान मिळाले. अशा ठिकाणी संभाषण इंग्रजीत चालते, व ज्या भारतीय भाषेचा ग्रंथ आधीच इंग्रजीत आहे तिचीच दखल घेतली जाण्याचा संभव अधिक. १९४२ च्या राजधान्यांतील बैठकींशी याचे साम्य आहे.

ब्लांश क्नॉफ १९६६ साली निवर्तल्या, हॅरिएट दे ओनीस १९६९ साली. क्नॉफबाईंनी आपल्या दौऱ्याचा वृत्तांत १९४३ साली एका अमेरिकन साप्ताहिकात लिहिला होता, आणि इतिहासकार बहुधा तोच उद्धृत करतात. क्नॉफ संस्थेचे दप्तर टेक्सासमधील ऑस्टिन येथे जतन केलेले आहे व त्यात परीक्षकांचे अहवाल आहेत. एखादा ग्रंथ 'भाषांतरास अयोग्य' ठरविताना परीक्षकाने मूळ भाषेतील नेमक्या कोणत्या गोष्टीवर बोट ठेवले, हे तेथे पाहावयास मिळते. भाषाभ्यासकाने प्रथम उघडावयाची ती कागदपत्रे होत.