सम्राटाची तपकिरीची डबी

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये तपकिरीची एक सोन्याची डबी आहे. झाकणावर नेपोलियनची छोटी तसबीर, भोवती हिरे. ॲन सीमोर डेमर ही इंग्रज शिल्पकर्ती १८२८ मध्ये वारली, तेव्हा तिच्या मृत्युपत्रानुसार डबी तिथे आली. आपली पत्रे मात्र जाळून टाकावीत, असेही बाईंनी लिहून ठेवले होते. त्यामुळे शत्रुराष्ट्राच्या या सम्राटाबद्दल तिला काय वाटत होते, ते उरल्यासुरल्या कागदांवरून आणि वस्तूंवरूनच जोखावे लागते.

ब्रिटन-फ्रान्समधल्या आमियाँच्या तहामुळे १८०२ मध्ये इंग्रजांना पॅरिसची वाट मोकळी झाली आणि डेमरही तिथे गेली. त्या प्रवासात सोबत असलेल्या तिच्या मैत्रिणीची, मेरी बेरीची, रोजनिशी छापली गेली आहे. तेव्हा फर्स्ट कॉन्सल असलेल्या बोनापार्टला डेमरने चार्ल्स जेम्स फॉक्सचा अर्धपुतळा देण्याचे कबूल केले. पुढच्याच वर्षी युद्ध पुन्हा पेटले, १८०६ मध्ये फॉक्सही गेला. वचन तसेच राहिले.

ते पुरे झाले १ मे १८१५ रोजी. एल्बा बेटावरच्या हद्दपारीतून निसटलेला नेपोलियन २० मार्चला पॅरिसमध्ये शिरला होता आणि त्याआधीच व्हिएन्नात जमलेल्या सत्तांनी त्याला बहिष्कृत ठरवले होते. अशा वेळी साठी उलटलेली डेमर पॅरिसला गेली आणि पुतळा देऊन आली. डबी ही त्याची परतभेट. वॉटर्लूचा पराभव अवघ्या सात आठवड्यांवर होता.

डबीवरून सम्राट खूश झाला एवढेच ठरते. बाईंच्या मनाचा पुरावा म्हणून मला तो प्रवास अधिक वजनदार वाटतो. पण पुतळा कोणाचा होता, हेही पाहायला हवे. फॉक्स हा फ्रान्सशी युद्धाला विरोध करणारा व्हिग पक्षाचा पुढारी. १७८४ च्या वेस्टमिन्स्टर निवडणुकीत डेमरने त्याच्यासाठी मते मागितली होती. तेरा वर्षे जुन्या वचनामागे जुनी पक्षनिष्ठाही होती, असे माझे मत आहे.

तिला देशद्रोही ठरवू पाहणाऱ्याला नेल्सन आडवा येतो. नाईलच्या लढाईत नेपोलियनचे आरमार बुडवणाऱ्या या सेनानीला समोर बसवून तिने त्याचाही अर्धपुतळा घडवला होता. अखेरच्या वर्षांत, नातलग सर अलेक्झांडर जॉन्स्टनच्या सुचवण्यावरून, नेल्सनचा एक अर्धपुतळा तिने आणखी एका परदेशी राजाकडे पाठवला: तंजावरच्या सरफोजीराजे भोसल्यांकडे.