फॉस्फरस-संचयी जीवाणू आणि सामू

सांडपाण्यातील फॉस्फेट पेशीत साठवणाऱ्या जीवाणूंच्या कामावर पाण्याच्या सामूचा (pH; आम्लता वाढली की तो घटतो) होणारा परिणाम. फॉस्फेटयुक्त सांडपाणी नदी-तळ्यांत गेले की शैवाल व जलपर्णी माजतात. म्हणून फॉस्फेट आधीच काढावे लागते. क्रियाशील गाळ (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या जीवाणूंचा गाळ) नेहमीच्या गरजेपेक्षा पुष्कळ जास्त फॉस्फरस शोषू शकतो, असे निरीक्षण श्रीनाथ, शास्त्री व पिल्लई यांनी 1959 मध्ये भारतातून प्रसिद्ध केले.

कार्यपद्धती : गाळ आधी हवाविरहित टाकीत, मग हवा सोडलेल्या टाकीत फिरवतात. पहिल्या टाकीत ‘ॲक्युम्युलिबॅक्टर’सारखे जीवाणू ॲसिटेट आत घेऊन त्याचा मेदसदृश साठा करतात. त्यासाठी लागणारी ऊर्जा पेशीत साठवलेल्या फॉस्फेटच्या साखळ्या (पॉलिफॉस्फेट) फोडून मिळते, त्यामुळे पाण्यातील फॉस्फेट तेथे उलट वाढते. दुसऱ्या टाकीत तो साठा जाळून जीवाणू सोडल्यापेक्षा अधिक फॉस्फेट परत घेतात. नाइसर रंजनाने पेशीतील पॉलिफॉस्फेटचे कण गडद जांभळे दिसतात. जादा गाळ काढला की फॉस्फरस त्याच्याबरोबर जातो.

सामूचा परिणाम : पेशीची आतली बाजू ऋणभारित असते आणि ॲसिटेटही ऋणभारित. बाहेरचा सामू वाढला की आत-बाहेरचा विद्युतभाराचा फरक वाढतो, म्हणून ॲसिटेट आत ओढणे महाग पडते व जास्त पॉलिफॉस्फेट फोडावे लागते. नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथील स्मोल्डर्स व सहकाऱ्यांच्या 1994 च्या प्रयोगांत सामू 5.5 वरून 8.5 वर नेल्यावर ॲसिटेटमधील कार्बनच्या दर मोलमागे सुटणारा फॉस्फरस 0.25 वरून 0.75 मोलवर गेला. त्यामुळे फॉस्फेट कमी सुटले एवढ्यावरून जीवाणू मंदावले असे ठरवता येत नाही; आधी सामू पाहावा लागतो.

स्पर्धक : ‘कॉम्पेटिबॅक्टर’सारखे ग्लायकोजेन-संचयी जीवाणू तेच ॲसिटेट खातात, पण फॉस्फरस साठवत नाहीत. सामू वाढला की त्यांचा खाण्याचा वेग घटतो, फॉस्फरस-संचयींचा 6.5 ते 8 दरम्यान फारसा बदलत नाही. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या फिलिपे, डायगर व ग्रेडी यांच्या अभ्यासात हवाविरहित टाकीतील सामू सुमारे 7.25 च्या खाली गेला की स्पर्धक वरचढ ठरले.

व्यवहारात : नायट्रीकरणात (अमोनियाचे नायट्रेट होताना) अमोनियातील 1 मिग्रॅ. नायट्रोजनमागे कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात सुमारे 7.1 मिग्रॅ. अल्कता (आम्ल शमवण्याची क्षमता) खर्च होते. मुळात अल्कता कमी असलेल्या पाण्याचा सामू त्यामुळे घसरतो. चुना किंवा सोडा घालून तो सावरता येतो. मात्र सामू फार चढला तर कॅल्शियम फॉस्फेटचा साका बसतो आणि रसायनाने केलेले काम जीवाणूंच्या नावावर जमा होते.