श्रीरामपूरचे तक्ते

कोलकात्याच्या परिसरातल्या एखाद्या ख्रिस्ती विद्यापीठाने शाळामास्तरांना ऑनलाइन संगणकशास्त्र शिकवायचे म्हटले, तर त्यातले यंत्र नवे असेल, पेच मात्र दोनशे वर्षांचा जुना आहे. जो विषय शिक्षकाच्या स्वतःच्या शालेय वयात अस्तित्वातच नव्हता तो त्याने वर्गात कसा शिकवायचा, आणि शाळा फार दिवस बंद न ठेवता त्याला तो कोणी व कसा शिकवायचा? कोलकात्याच्या उत्तरेला हुगळीकाठी असलेल्या श्रीरामपूरने (आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातले नव्हे, तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात असलेले) हा पेच १८१६ साली कागदावर मांडला. त्याचे पुढे काय झाले हे पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. दूर बसून शिकवण्यातली अडचण अंतराची कधीच नव्हती. शिकणाऱ्याची चूक शिकवणाऱ्यापर्यंत परत कशी पोचवायची, ही खरी अडचण होती.

बी.एड.च्या मार्गदर्शिकांत भारतातले पहिले अध्यापन विद्यालय १७९३ साली श्रीरामपुरात निघाले असे वाक्य हटकून सापडते. ते खरे असू शकत नाही. श्रीरामपूर मिशनचा संस्थापक विल्यम कॅरी १७९३च्या नोव्हेंबरात कोलकात्याला उतरला आणि पुढची काही वर्षे मालदा भागात निळीच्या कारखान्यावर होता. श्रीरामपूरचे मिशन उभे राहिले ते १८०० साली. शिक्षकांच्या तयारीचा ठोस पुरावा कॅरीचा सहकारी जोशुआ मार्शमन याच्या १८१६च्या पुस्तिकेत मिळतो. तिचा विषय देशी शाळा. शिक्षण मातृभाषेतून द्यायचे. अक्षरांचे आणि शब्दांचे छापील तक्ते वर्गात लावायचे. भूगोल, सूर्यमाला, पदार्थविज्ञान, इतिहास यांचे सार छोट्या वाक्यांत बांधायचे, एकाने ती वाक्ये मोठ्याने सांगायची आणि बाकीच्यांनी वहीत उतरवायची. पाठशाळेतल्या गुरुमहाशयाला, म्हणजे आपल्याकडच्या पंतोजीला, ग्रहगती आधी ठाऊक असण्याची गरज या रचनेत नव्हती. लिहून घेणाऱ्या मुलांबरोबर तोही शिकत जाणार होता. ज्ञान छापखान्यात, माणूस खेड्यात, आणि दोघांमध्ये कागद! दोनएक वर्षांत अशा शाळा शंभराच्या घरात गेल्या, आणि १८१८च्या एप्रिलात ‘दिग्दर्शन’ हे बंगाली मासिक निघाल्यावर नव्या माहितीचा पुरवठा दरमहा होऊ लागला.

ही सगळी घोकंपट्टी होती, तिची संगणकशास्त्राशी तुलना कशी होईल, असा आक्षेप येईल. घोकंपट्टी होतीच, वाक्य उतरवून घेतले म्हणजे ग्रहण कसे लागते ते कळले, असे नव्हे. पण मार्शमनलाही ते उमगले होते, म्हणून तर त्याच्या योजनेत शाळाशाळांतून फिरून वह्या व मुले तपासणारा पर्यवेक्षक आहे. तक्ता ज्ञान नेई, पर्यवेक्षक चुका परत आणी. आजच्या ऑनलाइन अभ्यासक्रमात व्हिडिओ हा तक्ता झाला. शिक्षकाने लिहिलेला प्रोग्रॅम उघडून ‘इथे लूप थांबतच नाही’ असे सांगणारे माणूस हा पर्यवेक्षक. पहिले स्वस्त आणि कितीही वाढवता येणारे, दुसरे महाग.

दुसरा आक्षेप हेतूचा: हे मिशनरी, त्यांना धर्मांतर हवे होते. हवे होते, ते त्यांनी लपवलेही नाही. तरी १८१८ साली त्यांनी काढलेल्या महाविद्यालयाच्या नावातच ख्रिस्ती आणि इतर तरुणांसाठी पौर्वात्य वाङ्मय व युरोपीय शास्त्र असा उल्लेख होता. १८२७ साली डेन्मार्कच्या राजाने त्याला पदव्या देण्याचा अधिकार दिला, आणि तिथल्या जॉन मॅकने १८३४ मध्ये बंगालीतून रसायनशास्त्राचे पुस्तक छापले. मराठी वाचकाला तर श्रीरामपूरचा छापखाना परका नाही: कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात वैजनाथ पंडिताच्या साहाय्याने कॅरीने रचलेले मराठी व्याकरण १८०५ साली श्रीरामपुरातच छापले गेले. हेतूचा हिशेब वेगळा मांडावा; शिक्षक घडवण्याचे तंत्र त्याने खोटे ठरत नाही.

संगणकशास्त्राला यंत्र लागते, ते कागदावर शिकवता येत नाही, हा आक्षेप अधिक वजनदार. पण यंत्र पुरवून काय होते तेही देशाने पाहिले आहे. देशातला पहिला संगणक कोलकात्यातच, बरानगरच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत, १९५०च्या दशकाच्या मध्यास आला. शाळांकडे यंत्रे वळली ती १९८४च्या ‘क्लास’ योजनेने, बीबीसी मायक्रो संगणकांच्या रूपात. शिक्षकांना थोड्या दिवसांचे प्रशिक्षण देऊन परत पाठवले गेले. नंतर वर्गात अडल्यावर विचारायचे कोणाला, याला योजनेत भक्कम उत्तर नव्हते. यंत्र हजर, पर्यवेक्षक गैरहजर.

श्रीरामपूरलाही पर्यवेक्षकाचा खर्च पेलला नाही. १८३० साली पामर कंपनी ही पेढी बुडाली, पाठोपाठ कोलकात्याच्या इतर पेढ्या कोसळल्या, फोर्ट विल्यममधले कॅरीचे अध्यापकपद त्याच सुमारास गेले, आणि मिशनच्या पैशाला ओहोटी लागली. आता २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात माध्यमिकपूर्व इयत्तांपासून कोडिंग आहे, आणि प्रत्येक शिक्षकाला वर्षाकाठी किमान ५० तासांचे प्रशिक्षणही आहे. त्या ५० तासांत शिक्षकाने लिहिलेले कोणीतरी वाचेल का, आणि त्या वाचणाऱ्याचा पगार कोण देईल, हे कोलकात्याच्या विद्यापीठांनी अभ्यासक्रम जाहीर करण्याआधी सांगायला हवे.