पहिल्या ओळीचे वचन

विश्रामबागेत वालचंद अभियांत्रिकीचे लिनक्सप्रेमी विद्यार्थी ज्या शिस्तीने शेल स्क्रिप्ट लिहू पाहतात, तिच्यामागे एक जुना वाद आहे. डेबियनमध्ये पॅकेज बसवतानाच्या स्क्रिप्ट रूट अधिकाराने चालतात; तेथील चूक साऱ्या यंत्रणेला भोवते. पहिली ओळ साध्या ‘एसएच’चे वचन देई, आत मात्र ‘बॅश’चे खास दुहेरी चौकटी कंस बिनदिक्कत नांदत. ‘एसएच’ या नावाआड बॅशच असल्याने ते वर्षानुवर्षे खपले. २००६ मध्ये उबुंटू ६.१० ने तेथे चपळ ‘डॅश’ बसवले आणि अनेक स्क्रिप्ट मोडल्या. ओरड डॅशच्या नावाने झाली. माझ्या मते ती अन्यायाची होती. डेबियनने हाच बदल २०११ च्या ६.० आवृत्तीत आणला, तोही देखभालकर्त्यांनी पॅकेजामागून पॅकेज तपासून असे कंस काढल्यावर.