रबाळे ते नागपूर : बियरच्या वाटेवरचा आबकारी इतिहास

मंडळी, विषय ऐकून काहींना हसू आलंय, ते दिसतंय मला. पण प्रश्न सरळ आहे. रबाळ्याहून गाडी काढली आणि नागपूरला निघालात, तर वाटेत त्या त्या गावात तयार झालेली, ताजी, चांगली बियर मिळेल का? बहुतेक ठिकाणी नाही मिळणार. आणि याचं कारण बियर करणाऱ्यांच्या कौशल्यात कमी, दीडशे वर्षांच्या आबकारी कायद्यात जास्त आहे.

सुरुवात इथूनच करू. ठाणे-बेलापूर पट्ट्यात एमआयडीसी येण्याआधी ही खाडीकाठची आगरी-कोळ्यांची गावं. या किनाऱ्यावर ताडी होती, मोहाची दारू होती. ताडीचा स्वभाव लक्षात घ्या. सकाळी झाडावरून उतरवली की त्याच दिवशी प्यायची. दुसऱ्या दिवशी ती आंबट ढोण. लांब नेता येत नाही, गोदामात साठवता येत नाही. आणि जो माल गोदामात बसत नाही, त्याचा कर वसूल करणं सरकारला जड जातं.

१८७८च्या मुंबई आबकारी कायद्याने हा प्रश्न सरकारच्या सोयीने सोडवला. ताडीच्या झाडांवर कर बसला, गाळपाला परवाना लागला, धंदा मोठ्या मक्तेदारांकडे सरकला. पुढे १८९२मध्ये खास ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा कायदा आला. फुलांवर कायदा! झाडाखाली पडलेली फुलं वेचणारी बाई एकदम आबकारी खात्याच्या नजरेत आली.

बियर ही तेव्हा गोऱ्या सोल्जरची. आधी जहाजाने यायची, मग एडवर्ड डायरने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कसौलीला कारखाना काढला. डोंगरात का? तर थंडी फुकट होती. यंत्राने थंडावा करता यायला लागल्यावर बियर मैदानात उतरली.

स्वातंत्र्यानंतर १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा. १९५१च्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातली काही कलमं उडवली, बाकी कायदा टिकला. पुढे सरकारने बंदी सैल केली, पण कायदा रद्द नाही केला. आजही कागदोपत्री पिणाऱ्याला परवाना लागतो. आपल्या हायवेवरच्या पाट्यांवर ‘परमिट रूम’ लिहिलेलं असतं ना, ते या कायद्याचं हाडूक आहे. बाहेरच्या राज्यातून आलेल्याला त्या शब्दाचा अर्थच लागत नाही!

आता रस्त्याला लागू. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. छत्रपती संभाजीनगरजवळ आलात की वाळूजला बियरचे प्रचंड कारखाने. पण तिथे तयार होणारी बाटली तुम्हाला रबाळ्यातही मिळते, चव तीच. २०१६च्या दुष्काळात औरंगाबाद खंडपीठाने मद्य आणि बियर कारखान्यांच्या पाण्यात ६० टक्के कपात करायला सांगितलं होतं. बियर म्हणजे मुख्यतः पाणीच, आणि ते मराठवाड्याचं, हे तेव्हा लोकांना जाणवलं. या मुद्द्यावर आपल्याकडे पुरेसं बोललं गेलं नाही असं माझं मत आहे.

मग स्थानिक बियर कुठे? पुण्यात २००९मध्ये डूलली सुरू झालं, तिथून मायक्रोब्रुअरीची लाट आली. इथून शिळफाट्यापलीकडे डोंबिवलीत गेटवे ब्रुइंगने काम केलं. ही बियर बहुधा न गाळलेली, पाश्चराइज न केलेली असते. म्हणजे ताडीसारखीच, उन्हात प्रवास न सोसणारी. ती जिथे तयार होते तिथेच जाऊन प्यावी लागते. त्यासाठी भांडवल हवं, परवाना फी भरायची ताकद हवी, म्हणून ती लोअर परळला, पुण्याला दिसते; जालन्याच्या बाहेर नाही. गावातला ताजा माल कायद्याने आधी मोडला आणि परत आला तो महागडा होऊन, शहरात.

शिवाय १५ डिसेंबर २०१६चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहेच. महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको. नंतर छोट्या गावांसाठी अंतर २२० मीटर झालं, पालिका हद्दीला सूट मिळाली. निकालामागचं कारण अपघात होते आणि ते कारण खरं होतं. कायद्यात मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. पण माझं सांगणं, चालवणाऱ्याने या आकड्यावर हिशेब करूच नये. बियर प्यायची तर मुक्काम करायचा, किल्ली दुसऱ्याकडे.

आणि मुक्काम वर्ध्याच्या अलीकडे करा. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, सेवाग्राम तिथलं. गडचिरोलीत १९९३पासून आहे. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ला आली, २०२१ला उठली. एकाच राज्यात, एकाच रस्त्यावर, जिल्ह्याची हद्द ओलांडली की डिकीतल्या बाटलीचा अर्थ बदलतो.

चला, प्रश्न घेऊ. मागच्या रांगेत हात वर आहे.