आईवरचे खापर

सक्करदऱ्याच्या शाळेत १९९५ साली स्वमग्न मूल आले असते, तर त्या वर्षीच्या अपंग व्यक्ती कायद्यातील ७ प्रकारांत गुरुजींना त्याचे नाव सापडले नसते. ते १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आले, पुढे २०१६ च्या कायद्यातही.

त्याआधीचा इतिहास अधिक कडू आहे. १९४३ मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर यांनी ११ मुलांचे वर्णन केले. ही अवस्था जन्मजात असावी, असेही लिहिले. तरी पुढे कित्येक वर्षे खापर आईच्या ‘थंडपणा’वर फुटले. आम्हा संशोधकांना हे शोभले नाही. एरिक शॉप्लर यांनी उलट आईवडिलांनाच सहशिक्षक केले. १९७२ मध्ये नॉर्थ कॅरोलिना राज्याने तो कार्यक्रम स्वीकारला. त्यातील चित्रांचे वेळापत्रक साधे असते : आता काय, नंतर काय. ते शाळेत लावतात तसेच घरीही लावता येते, आणि तिथे लावणारी बहुधा आईच असते.