टेपरेकॉर्डरची साक्ष

निलंग्याला शिक्षकांशी गप्पा चालल्या असताना एका मुख्याध्यापकांनी आम्हाला विचारले, "शाळेत कॅमेरे आले. उद्या शिक्षकांच्या खोलीतही कॅमेरा लावला आणि तो आवाजही टिपू लागला, तर ते कायद्यात बसेल का?" आम्हाला एका शब्दात उत्तर देता आले नाही. का, ते समजण्यासाठी थोडे मागे, मुंबईला जावे लागते.

आवाज चुंबकत्वाच्या साहाय्याने साठवण्याची युक्ती डेन्मार्कच्या वाल्डेमार पौल्सेनची, १८९८ची. त्याने पोलादी तार वापरली. १९३०च्या दशकात जर्मनीत प्लास्टिकची फीत आली. तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडचे बारीक कण असतात आणि आवाजाच्या चढउताराप्रमाणे ते चुंबकित होतात. तीच फीत पुसून पुन्हा वापरता येते. गाणी ऐकणाऱ्याला हा गुण सोयीचा, न्यायाधीशाला मात्र डोकेदुखीचा!

ही डोकेदुखी युसुफअली नगरी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर आली. मुंबई महापालिकेच्या एका कारकुनाला १०० रुपये लाच देऊ करण्यात आली होती. कारकुनाने ते वरिष्ठांना व पोलिसांना कळवले. मग त्याच्या घरी सापळा रचला गेला. बाहेरच्या खोलीत मायक्रोफोन दडवला आणि आतल्या खोलीत टेपरेकॉर्डर घेऊन पोलीस बसले. आरोपीच्या वकिलांचे म्हणणे असे, की नकळत टिपलेले बोलणे म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणेच होय. १९६७च्या निकालात न्यायालयाने हे मानले नाही. बोलण्याची सक्ती कोणी केली नव्हती, आणि घडलेल्या प्रसंगाचे छायाचित्र जसे पुरावा ठरते तशीच ही फीत, असे ते म्हणाले. मात्र फीत पुसता येते, म्हणून तो पुरावा जपून घ्यावा, असेही बजावले. या खटल्यातली फीत मोहोरबंद केलेली नव्हती, यावरही न्यायालयाने बोट ठेवले. विज्ञानाच्या दृष्टीने निकालातला हा भाग आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो.

पुढचा खटला मुंबईचे तत्कालीन कॉरोनर मलकानी यांचा. रुग्णाच्या मृत्यूच्या चौकशीत एका डॉक्टरकडे पैसे मागितल्याचा त्यांच्यावर आरोप होता. १९६४ मध्ये दुसऱ्या एका डॉक्टरांच्या संमतीने त्यांचे मलकानींशी झालेले दूरध्वनीवरचे बोलणे पोलिसांनी टिपले. संभाषणातल्या एका व्यक्तीची संमती असल्याने येथे कायदा मोडलेला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये ठरवले. शिवाय पुरावा गैरमार्गाने मिळवला, एवढ्यानेच तो बाद होत नाही, असेही सांगितले.

येथे वाचकाने सावध राहावे. दोन्ही ठिकाणी प्रश्न होता, 'फीत पुरावा म्हणून चालेल का?' 'मालकाने नोकरांवर कान ठेवावा का?' हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच. या दोहोंची गल्लत आजही सर्रास होते.

दुसऱ्या प्रश्नाकडे जाणारी वाट २०१७ मध्ये मोकळी झाली. पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्यात शासनाने हात घालायचा तर कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय त्या हेतूच्या प्रमाणात हवा. त्याच आधारे मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये लाचेच्याच एका प्रकरणातले दूरध्वनी टिपण्याचे आदेश रद्द केले आणि टिपलेले संभाषण नष्ट करायला सांगितले. मलकानींच्या काळापासून केवढे हे अंतर!

बदलापूरच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य शासनाने शाळांना कॅमेरे सक्तीचे केले. मुलांची सुरक्षितता हा हेतू रास्तच आहे. पण शिक्षकांच्या गप्पा टिपून मुलांची सुरक्षितता कशी वाढते, हे जिल्हा परिषदेच्या शाळेला सांगता आले पाहिजे, कारण ती शासनाचाच भाग आहे. खाजगी मालकाची गोष्ट वेगळी. कामाच्या जागेवरील पाळतीसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. २०२३च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने तर नोकरीच्या कामासाठी कर्मचाऱ्याची माहिती संमतीशिवाय वापरण्याची मुभा ठेवली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करायचे ठरले.

फितीच्या मोहोरेचे काय झाले? जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात संगणकीय पुराव्यासोबत एक प्रमाणपत्र जोडावे लागते. त्यात त्या फाइलचा 'हॅश' लिहितात. फाइलमधला एक बिट बदलला तरी गणिताने काढलेला हा आकडा पार बदलतो. निलंग्याच्या त्या मुख्याध्यापकांनी यावर लगेच पुढचा प्रश्न टाकला, "आणि चित्रण कोणी, कधी पाहिले, याची नोंद कोण ठेवणार?" त्यांच्या शाळेत तशी वही नव्हती.